गडांच्या पानांची डागडुजी, आठवडा तिसरा: फॉन्ट टॅग गेले, पण निम्मेच

मंडळी, २१४ पैकी ६१ पानं मार्गी लागली. मागच्या वेळी सांगितलं होतं तेच काम चालू आहे: माझ्या जुन्या ट्रेकच्या नोंदींची एचटीएमएल पानं पीएचपीच्या डॉमडॉक्युमेंटमधून (पान वाचून त्याचे घटक बदलू देणारी सोय) काढायची, अक्षरांचं रूप ठरवणारे जुने फॉन्ट टॅग उडवायचे, मजकूर मात्र जसाच्या तसा ठेवायचा.

सुरुवातीला इशाऱ्यांनी स्क्रीन भरून गेली. पुष्कळ जण अशा वेळी पान वाचणाऱ्या लोडएचटीएमएल या फंक्शनच्या आधी ॲटचं (@) चिन्ह ठोकून इशारे दडपतात आणि मोकळे होतात. ते करू नका, कळकळीने सांगतो. त्याऐवजी लिबएक्सएमएलच्या (डॉमडॉक्युमेंटच्या आत पान वाचणारी लायब्ररी) आतल्या चुका साठवायची सोय चालू करा आणि पान वाचून झालं की यादी मागवा. प्रत्येक चुकीची ओळ, कोड आणि पातळी मिळते. पातळी १ म्हणजे इशारा, २ म्हणजे चूक, ३ म्हणजे पुढे जाणं अशक्य. माझ्या यादीत बहुतेक कोड ८०१, म्हणजे अनोळखी टॅग, निघाले. सेक्शन, फिगर असे नवे टॅग या जुन्या पार्सरला (पान वाचणाऱ्या भागाला) ठाऊक नाहीत, एवढीच त्याची तक्रार. ते गाळले तेव्हा खरी दुखणी दिसली: न मिटलेले टॅग, अर्धवट अँपरसँड (&). आणि दर पानानंतर यादी रिकामी करा, नाहीतर एका पानाच्या चुका दुसऱ्याच्या नावावर चढतात.

पण माझे दोन दिवस गेले ते जिथे एकही चूक आली नाही तिथे.

राजगडाचं पान. पद्मावती माचीवरच्या मजकुरात सहा फॉन्ट टॅग होते. स्क्रिप्ट गुपचूप संपली, उघडून पाहतो तर तीन तसेच. पहिला, तिसरा, पाचवा गेलेला. दुसरा, चौथा, सहावा जागच्या जागी. टॅगच्या नावाने मागवलेली यादी जिवंत असते. पहिला काढला की दुसरा सरकून त्याच्या जागी येतो आणि लूपमधला आपला मोजणीचा आकडा, आय, मात्र पुढे गेलेला असतो. तिकडे लांबीही घटत जाते, म्हणून लूप तीन फेऱ्यांत थांबतो, तोही अगदी नियमाप्रमाणे. आता मी यादी शेवटाकडून चालवतो. एक्सपाथने (पानातले घटक शोधायची दुसरी पद्धत) मागवली तरी चालतं, ती यादी सरकत नाही. फॉन्टच्या आतला मजकूर बाहेर काढतानाही हाच धोका आहे. तिथे ‘पहिलं मूल (आतला पहिला घटक) आहे तोवर’ असा व्हाइल लूप लावला, आणि सुवेळा माचीच्या फोटोखालची ओळ, जी आधी अर्धीच उरत होती, ती पूर्ण आली.

तळटीप दुसऱ्या फाइलमधून आणताना ‘राँग डॉक्युमेंट’ असा अपवाद आला, कोड ४. हा आला ते बरंच झालं, अपवाद पकडणाऱ्या ट्राय-कॅचने पानाचं नाव लगेच नोंदवलं. इम्पोर्टनोडने तळटीप आधी या पानात आणून घेतल्यावर अपवाद गेला, पण तळटीप रिकामी! इम्पोर्टनोडला दुसरी किंमत म्हणून ट्रू दिलं नाही तर फक्त वरचं कवच येतं, आतलं काही येत नाही.

मराठीत काम करणाऱ्यांनी एक गोष्ट आवर्जून सांभाळा. पानात कॅरसेटचा, म्हणजे अक्षरं कोणत्या पद्धतीने साठवली आहेत ते सांगणारा, मेटा टॅग नसेल, तर हा पार्सर मजकूर आयएसओ ८८५९-१ समजून वाचतो. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाचे यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट होतात, त्यामुळे एकेका चिन्हाचे तीन तुकडे पडतात आणि ‘राजगड’ ओळखूही येत नाही. यावरही चूक येत नाही. मी आता वाचण्याआधीच स्ट्रिंगच्या डोक्यावर मेटा टॅग चिकटवतो. पीएचपी ८.४ मध्ये एचटीएमएल ५ चा नवा पार्सर आला आहे, पण माझ्या सर्व्हरवर अजून जुनीच आवृत्ती.

चूक न दाखवता होणाऱ्या अशा बिघाडांसाठी एक तपासणी जोडली आहे: आधीचा आणि नंतरचा निव्वळ मजकूर काढायचा, मोकळ्या जागा सारख्या करायच्या, अक्षरसंख्या जुळवायची. जुळली नाही की पान जतनच होत नाही. काल रात्री ६१ पानं पुन्हा तिच्यातून काढली, ४ अडकली. चारही तोरण्याची आहेत, आज तीच घेऊन बसतो.