हात लावल्यार कळता काय?

वेंगुर्ले तालुक्यातल्या एका उपकेंद्रात मी समुदाय आरोग्य अधिकारी आहे. गावातली माणसं सिस्टरच म्हणतात. ही गोष्ट एका पेशंटची आहे, म्हणून तिची ओळख पटेल असं काही लिहीत नाही. माझी ओळख पटली तरी चालेल.

मला कोड आहे. चौदाव्या वर्षी उजव्या हाताच्या बोटांवर पहिला डाग आला, मग दोन्ही हात मनगटापर्यंत पांढरे झाले, ओठाच्या कोपऱ्यात एक ठिपका उमटला. रंग तयार करणाऱ्या पेशींवर आपल्याच शरीराची प्रतिकारशक्ती उलटते. हा आजार हात लावल्याने पसरत नाही. हे मी नर्सिंगला शिकले, पण घरात त्याआधीच सगळे उपाय झाले होते. देवळात गाऱ्हाणं घातलं. बावचीचं तेल लावून उन्हात बसवलं, त्याने फोड उठले. दोन वर्षं मासे बंद. घरी रोज बांगड्याचं तिखलं व्हायचं आणि आई माझ्या ताटात डाळ वाढताना माझ्याकडे बघायची नाही. तिने जे केलं ते जीव तुटून केलं, हे कळायला मला फार वर्षं लागली.

नोकरी लागल्यावर मी ग्लोव्हजच्या आड लपले. गरज नसतानाही घालायचे. पहिल्याच वर्षी एका लसीकरण सत्रात एका आईने बाळ मागे ओढलं आणि आशाताईला म्हणाली, दुसऱ्या सिस्टरांना सांगा. मी बाजूला झाले. त्या दिवशी घरी येऊन मी हात साबणाने इतके घासले की बोटांची सालं निघाली.

ऑक्टोबरात कुष्ठरोग शोध मोहीम चालू होती. आशाताई घरोघर जाऊन तपासतात, संशयित सापडला की मी बघते आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवते. त्या दुपारी उकाडा भयंकर होता, ग्लोव्हजमध्ये घाम साचला होता, म्हणून काढून टेबलावर ठेवले होते. दारात एक बाई उभी राहिली. चाळिशीची, काजू कारखान्यात कटिंगला जाणारी. ते हातांवरून लगेच कळतं. टरफलातल्या तेलाने बोटं काळी पडलेली, नखांच्या कडा जळलेल्या. आशाताई तिच्या घरी जाऊन आली होती. तिला या बाईने ‘काय नाय’ म्हणून परत लावलं होतं.

तिने आधी माझ्या हातांकडे बघितलं, मग दार लोटलं.

“तुमच्या हातार आसा, म्हणान तुमकाच दाखवतंय. कोणाक सांगू नकात. चेडवाचा लगीन ठरता हा. ह्यां कळला तर मोडतला.”

आणि ब्लाउजची बाही वर केली. दंडाच्या मागच्या बाजूला रुपयाच्या नाण्यापेक्षा मोठा चट्टा, खाली कोपराजवळ दुसरा लहान. तिला वाटत होतं कोडच. पण कोड दुधासारखं पांढरं असतं, ते मला कोणी शिकवायला नको. हा रंग फिकट होता, तांबूसपणाकडे झुकणारा. सगळा दंड घामाने चमकत होता आणि तेवढीच जागा कोरडी. चट्ट्याच्या मधोमध भाजल्याचा वाळलेला व्रण होता. काजूचं तेल उडालं की माणूस कळवळतो. हिला विचारलं, हे कधी झालं? म्हणाली, “कधी चटको बसलो तां कळलाच नाय माका.”

माझ्या पोटात गोळा आला.

संवेदना तपासायची पद्धत साधी आहे. पेशंटने डोळे मिटायचे, आपण बॉलपेनच्या टोकाने हलकेच स्पर्श करायचा, जिथे लागलं तिथे त्याने बोट ठेवायचं. पण ती डोळे मिटायला तयार होईना. मी काय करणार आहे, सुई टोचणार आहे का, याची भीती. तेव्हा काय सुचलं कोण जाणे, पेन मी तिच्याच हातात दिलं, माझा हात टेबलावर पसरला आणि डोळे मिटले. म्हटलं, आधी तू मला तपास.

पेनचं टोक आलं नाही. तिने बोट टेकवलं. काजूने खरखरीत झालेलं, ऊन ऊन बोट, माझ्या अगदी पांढऱ्या भागावर, अंगठ्याच्या बुडाशी.

“हात लावल्यार कळता काय गो तुका?”

मगाशी तुमका म्हणणारी बाई एकदम तुका म्हणाली. मी म्हटलं, कळतं. तिने बोट सरकवलं. इथे? कळतं. इथे? कळतं. बारा वर्षांत डॉक्टरांशिवाय कोणी त्या कातडीला आपणहून हात लावला नव्हता, मीसुद्धा लावला तो घासायलाच. आणि ती कातडी सगळं सांगत होती: बोट खरखरीत आहे, गरम आहे, थोडं थरथरतंय. रंग गेला होता, बाकी त्या कातडीने माझं काहीच सोडलं नव्हतं. डोळे मिटूनच होते तरी पाणी आलं. मला त्या हातांची माफी मागावीशी वाटली.

मग तिने डोळे मिटले. मनगटावर स्पर्श केला, तिने अचूक बोट ठेवलं. खांद्यावर, अचूक. चट्ट्याच्या आत तीनदा टोक टेकवलं. ती शांत बसून होती, मी सुरू करायची वाट बघत.

आरोग्य केंद्रात डॉक्टरांनी कुष्ठरोगाचं निदान पक्कं केलं. दोनच चट्टे होते, नस वेळेत वाचली, सहा महिन्यांचा कोर्स. गोळ्या सरकारी केंद्रात फुकट मिळतात. महिन्याचा पहिला डोस माझ्यासमोर घ्यायचा, त्यानंतर लघवी लालसर होते, घाबरायचं नाही, हे मी तिला तीनदा सांगितलं. उपचार सुरू झाले की लागण होण्याची भीती फार लवकर संपते. घरच्यांनाही प्रतिबंधक गोळीचा एक डोस द्यावा लागतो, म्हणजे नवऱ्याला सांगणं भाग होतं. ती तिथेच अडली. कुष्ठरोग हे 2019 पर्यंत आपल्या कायद्यात घटस्फोटाचं कारण होतं. कायदा बदलला, भीती अजून घरात बसली आहे. मी तिच्या घरी गेले आणि बोलताना हात मांडीखाली लपवले नाहीत. नवऱ्याने सगळं ऐकलं, गोळी घेतली आणि विचारलं, पुढच्या महिन्यात कोणत्या तारखेला आणू हिला?

आशाताई अनुभवी आहे, माझ्याहून जास्त घरं तिने पालथी घातलीत. तिला जे दाखवलं नाही ते मला दाखवलं, ते माझ्या हुशारीमुळे नव्हे. हे मी मोहिमेच्या रजिस्टरात कुठे लिहू, असं त्या आठवड्यात सारखं मनात यायचं.

मार्चमध्ये ती शेवटचं पाकीट घ्यायला आली. चट्ट्याचा रंग थोडा भरला होता. सोबत केळीच्या पानात ओले काजूगर.

“चिकाक हात लावू नको, सोलून हाडलंय.”

संध्याकाळी आईने उसळीला वाटप लावता लावता विचारलं, कोणी दिले गो?

पेशंटने, म्हटलं. नाव नाही सांगितलं. आईने कढई उतरवली, आणि शेजारच्या तव्यावर बांगडे तळत होते, त्यातला मोठा माझ्या ताटात वाढला.