लाडवांचा डबा आणि दहा मिलिमीटर

आधीच सांगते, हा अलास्काचा लेख असला तरी यात हिमनद्या फारशा नाहीत. हिमनद्या पाहिल्या, देवमासेही पाहिले, डेनाली शिखर बघायला जाऊन दोन दिवस ढग पाहिले. फोटो वहिनीकडे आहेत. मला लिहायचंय ते आमच्या धाकट्या भावाने अस्वलासाठी पिस्तूल घेतलं त्याबद्दल, कारण पुण्याला परत येऊन महिना झाला तरी ते माझ्या डोक्यातून जात नाही.

धाकटा बारा वर्षं अँकरेजला आहे. मी दर पावसाळ्यात सह्याद्रीत भटकते याचं त्याला कौतुक कमी आणि गंमत जास्त. "ताई, तुझ्या किल्ल्यांवर जास्तीत जास्त मधमाश्या चावतील. इथे ये, खरं जंगल दाखवतो." खरं जंगल म्हणजे रेझरेक्शन पासची वाट. १८९०च्या दशकात सोन्याच्या नादाने वसलेल्या होप नावाच्या गावातून निघायचं आणि कूपर लँडिंगला उतरायचं. ३९ मैल, म्हणजे जवळजवळ ६३ किलोमीटर. आम्ही चार दिवस धरले.

खोडा घातला वहिनीने. "तुम्ही एकटे जाता तेव्हा काय करायचं ते करा, पण ताईंना नेताय तर बंदूक हवी." आता पाहुणीच्या काळजीपोटी कोणी गोधडी काढतं, कोणी मच्छरदाणी. आमच्या वहिनीने बंदूक काढली.

दुकान खेळाच्या सामानाचं. एका बाजूला गळ, बूट, तंबू. मागच्या भिंतीला काचेची लांब कपाटं. काउंटरवरचे आजोबा पांढऱ्या मिशांचे, दोन्ही कानांत श्रवणयंत्रं. त्यांचा पहिला प्रश्न होता, "माणसासाठी हवंय की अस्वलासाठी?" चपलेच्या दुकानात 'ऑफिससाठी की रोजच्या वापराला' विचारतात, तितक्याच सहज. मी धाकट्याकडे पाहिलं. त्याने घाईघाईने "अस्वल, अस्वल" म्हटलं.

मग साडीच्या दुकानात गादीवर एकेक घडी मोडतात तसं सुरू झालं. रबराच्या चटईवर आजोबा एकेक हत्यार ठेवत गेले. मीही सवयीने पोत बघायला हात पुढे केला, तेव्हा त्यांनी नम्रपणे विचारलं, "तुम्ही इथल्याच का?" पर्यटक व्हिसावर आलेय म्हटल्यावर त्यांनी हळूच पिस्तूल मागे ओढलं. तिथल्या संघराज्याच्या कायद्यात पर्यटकाला बंदूक किंवा काडतूस बाळगायला मनाई आहे. शिकारीचा परवाना असेल तर, असे काही अपवाद आहेत, पण माझ्याकडे होता तो पुण्याच्या वाचनालयाचा. ग्रीन कार्डवाल्या धाकट्याला मात्र सगळं खुलं. दोन तास मी हात मागे बांधून उभी होते, शाळेच्या सहलीत वस्तुसंग्रहालयात उभे राहतात तशी.

धाकट्याला रिव्हॉल्व्हरच हवं होतं. पॉइंट ४४ मॅग्नम. आकडा साधारण गोळीच्या जाडीचा, इंचात. हे काडतूस १९५०च्या दशकातलं आणि अस्वलाच्या मुलखात त्याचा दबदबा अजून टिकून आहे. आजोबांनी त्याला स्मिथ अँड वेसनचं स्कँडियम-टायटॅनियमचं एक दिलं. रिकामं असताना जेमतेम सातशे ग्रॅम. धाकटा हरखला. "पाठीवर ओझं नको ना?" आजोबा म्हणाले, "ओझं नाही, पण उडवाल तेव्हा तो सगळा धक्का घ्यायला तुमचं मनगटच उरतं." जड हत्यार स्वतःच्या वजनाने धक्का पितं, हलकं ते तुमच्यावर सोडतं. एवढं भौतिकशास्त्र मला दहावीतही कळलं नव्हतं. दुसरं रुगरचं 'अलास्कन', अडीच इंची नळीचं आखूड धूड, पॉइंट ४५४ कॅसुल, सव्वा किलोच्या आसपास. ते पाहून मला आमच्या आजीचा खलबत्ता आठवला.

तिसरं ग्लॉक २० नावाचं पिस्तूल. दहा मिलिमीटरचं, म्हणजे तेवढ्या जाडीच्या गोळीचं, सांगाडा प्लास्टिकसारखा, दिसायला अगदीच नीरस. पण त्यात पंधरा गोळ्या, आणि भरलेलं असताना वजन एक किलो शंभरच्या आसपास. ग्रीनलंडमध्ये कुत्र्यांच्या गाड्यांवरून गस्त घालणारे डेन्मार्कचे सिरियस पथकाचे जवान पांढऱ्या अस्वलांसाठी हेच कमरेला लावतात, असं आजोबांनी सांगितलं. मग रिव्हॉल्व्हर का घ्यायचं? तर अस्वल अंगावर पडलं आणि नळी त्याच्या अंगात रुतली तरी रिव्हॉल्व्हर उडतं. पिस्तुलाचा वरचा सरकता भाग दाबाने मागे गेला तर ते अडतं. हे सगळं आजोबा इतक्या शांतपणे सांगत होते, की 'अस्वल अंगावर पडलं' हे शब्द मला थोड्या उशिरानेच ऐकू आले.

गोळ्यांचं निराळंच. माणसासाठी विकतात त्या पोकळ टोकाच्या, आत जाऊन फुलणाऱ्या. अस्वलाला त्या कुचकामी, कारण चरबी, स्नायू, जाड हाडं. तिथे ओतीव कडक शिशाची, चपट्या तोंडाची, न फुलता आरपार खोल जाणारी गोळी लागते.

शेजारी सत्तरीच्या एक बाई गळाचे हुक घेत होत्या, गुडघ्यापर्यंत रबरी बूट. त्या न विचारता सामील झाल्या, अगदी आपल्याकडच्या भाजीबाजारासारख्या. "पॉइंट ४४ घेतलंस ना, तर पुढची नेम धरायची खुंटी आधी कानशीने घासून टाक." धाकट्याने भाबडेपणाने विचारलं, का? "म्हणजे अस्वल ते तुझ्याकडून काढून घेऊन नको तिथे घालेल, तेव्हा टोचणार नाही." हा तिथला जुनापुराणा विनोद आहे म्हणे. आजोबांना श्रवणयंत्रातूनही आधीच ठाऊक असल्यासारखं हसू आलं. मग बाई गंभीर झाल्या. "एका दुपारी पन्नास गोळ्या उडवून उद्या परत यावंसं वाटेल, ते घे. कपाटात पडून राहील ते घेऊ नकोस."

त्या दिवशी काही घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी ऑफिसातला एक मित्र धाकट्याला रॅबिट क्रीकच्या नेमबाजीच्या मैदानावर घेऊन गेला, स्वतःची दोन्ही हत्यारं घेऊन. मी कानांवर भलेमोठे कानझाकणे चढवून मागच्या बाकावर. पॉइंट ४४ची पहिली गोळी कागदाच्या कोपऱ्याला लागली. दुसऱ्या वेळी धाकट्याने गोळी सुटायच्या आधीच डोळे मिटले, मला बाजूने स्पष्ट दिसलं. तिसरी समोरच्या मातीत. सहा गोळ्यांनंतर अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यात लालभडक वळ उठला होता, आणि तो म्हणाला, "छान आहे." लहानपणी आईचा मार खाऊनही तो हेच म्हणायचा. दहा मिलिमीटरने मात्र दहातल्या सात कागदावर. ठरलं.

परत दुकानात. फॉर्म भरला, आजोबांनी संगणकावरून पडताळणी मागितली आणि अर्ध्या तासाच्या आत पिस्तूल आमच्या पिशवीत. अलास्कात २००३पासून ते बाळगायला वेगळा परवानाही लागत नाही. मला आमच्या बुलढाण्याच्या मामाची रानडुकरांसाठीची बंदूक आठवली. कलेक्टर कचेरीच्या फेऱ्या, पोलिसांचा अहवाल, आणि निवडणूक लागली की ठाण्यात जमा. मामाची बंदूक मामापेक्षा ठाण्यातच जास्त राहिली. दोन्हींतलं काय बरं हे मी सांगणार नाही. पण अर्धा तास मला कमी वाटला. वहिनीच्या मिक्सरची वॉरंटी नोंदवायला आम्हाला त्याहून जास्त वेळ लागला होता.

निघताना आजोबांनी शेवटचं सांगितलं. जीव वाचवायला अस्वल मारलं तर चालतं, पण मग ते सोलायचं. नखांसकट कातडं आणि कवटी वन्यजीव खात्याला जमा करायची, वर लेखी अहवाल. धाकटा माझ्याकडे बघेना. हा माणूस चिकन आणतो तेही आधीच तुकडे केलेलं, आणि फ्रीजमधून काढताना तोंड फिरवतो.

घरी आल्यावर माझं आणि त्याचं पहिलं भांडण झालं, वजनावरून. कमरेला पिस्तूल लावलं की पाठपिशवीचा कमरपट्टा त्यावर बसतो, म्हणून तिथले लोक छातीवर तिरकं बांधायचं म्यान वापरतात. त्यालाच दीडशे डॉलरच्या वर गेले. पिस्तूल, म्यान, जादा गोळ्या मिळून दीड किलो. ते कुठून कमी करायचं, तर माझ्या सामानातून. मी चोवीस बेसनलाडू वळले होते, साजूक तुपातले. "ताई, नऊ. वास किती येतो बघ." वर अस्वलाला उघडता न येणारा प्लास्टिकचा जाड डबा, तो रिकामाच किलोभर. म्हणजे लाडू वाचवायला एक किलो, लाडू खाणाऱ्याला वाचवायला दीड किलो, आणि लाडू मात्र नऊ.

माझ्या वाट्याला आला मिरचीचा फवारा. तो पर्यटकालाही चालतो. टॉम स्मिथ या संशोधकाचे अलास्कातल्या नोंदींवरचे दोन अभ्यास धाकट्याने मला दाखवले. २००८च्या अभ्यासात तपकिरी अस्वलांवर फवारा ९२ टक्के वेळा लागू पडला होता, आणि २०१२च्या अभ्यासात पिस्तूल-रिव्हॉल्व्हर ८४ टक्के. मी विजयी मुद्रेने पाहिलं. तो म्हणाला, तसं नाही, फवारा पुष्कळदा नुसत्या चौकस अस्वलांवर मारलेला, बंदूक चवताळलेल्यांवर. दोन्ही आकडे शेजारी ठेवता येत नाहीत. बरोबरच होतं त्याचं, आणि त्याचाच राग आला. सरावाला मिरची नसलेला फवारा मिळतो, तो घेऊन मी गाडी लावायच्या जागेत उभी राहिले आणि भाच्याला म्हटलं, सायकलवरून अंगावर ये. अस्वल ताशी पन्नासपेक्षा जास्त किलोमीटरने धावतं. भाचा फार तर पंधराने आला. मी टोपण काढेपर्यंत तो माझ्या मागे जाऊन "आत्या, तू मेलीस" म्हणाला. तीनदा मेले. चौथ्यांदा वहिनीच्या गाडीची काच भिजवली.

वाट सुंदर आहे. डास भयंकर. पहिले दोन दिवस मी भोंडल्याची गाणी मोठ्याने म्हणत चालले, कारण अस्वलाला अचानक गाठायचं नाही, आपण येतोय हे कळवायचं. समोरून येणारे लोक "हे बेअर" ओरडत येत आणि आमच्याकडे बघून बिचकत. प्रत्येकाच्या छातीवर काही ना काही होतं, कोणाच्या फवारा, कोणाच्या पिस्तूल. गप्पाही त्याच. आपल्याकडे गडावर भेटलेला माणूस 'पाणी आहे का वर' विचारतो. इथे 'काय घेतलंय तुम्ही' विचारतात. धाकट्याने "दहा मिलिमीटर" म्हटलं की मान हलायची, 'मुलगी कुठे दिली' याला बरं उत्तर आल्यासारखी.

तिसऱ्या रात्री स्वान लेकजवळ पाऊस होता. जूनमध्ये तिथे काळोख होत नाही, राखाडी उजेड असतो, पण तंबूच्या कापडातून काही दिसत नाही. दोनच्या सुमाराला मी उठून बाहेर गेले. धाकटा घोरत होता. परतताना ओल्या झुडपांतून आले, पाय घसरला, तंबूच्या दोरीला अडकले आणि पूर्ण अंगाने कापडावर आपटले.

आतलं घोरणं थांबलं. मग चिकटपट्टी उसवल्यासारखा 'चर्र' आवाज. दुकानात धाकट्याने दहा वेळा करून पाहिला होता तो आवाज, म्यानाच्या पट्ट्याचा.

मला हाकही मारता आली नाही. मारायला हवी होती, पण घसा बंद झाला. पावसाचा आवाज येत होता, तेवढाच. मग आतून, अगदी लहान असताना तो आजोळच्या घरात रात्री अंगणात जायला घाबरायचा तेव्हाच्या आवाजात, "ताई?"

"मीच आहे रे."

आत गेले तेव्हा पिस्तूल म्यानातच होतं, पट्टा उघडा. त्याचा हात त्यावर नव्हता, पण गुडघ्यावर थरथरत होता. आम्ही दोघं काही बोललो नाही. त्याने गोळ्यांची पेटी काढून बाजूला ठेवली, नळीतली गोळीही काढली. मग म्हणाला, "बोलत येत जा ना गं." उरलेली रात्र मी जागी. पाऊस थांबला तेव्हा तळ्यावर कुठला तरी पक्षी रडल्यासारखा ओरडत होता.

अस्वल दिसलं शेवटच्या दिवशी. दरीच्या पलीकडच्या उतारावर, दुर्बिणीतूनही अंगठ्याएवढं, गवत खात होतं. वीस मिनिटांत त्याने एकदाही मान वर केली नाही. धाकट्याने छातीवरचा पट्टा नीट केला, उगाचच.

अँकरेजला आल्यावर आईला फोन लावला. आई खामगावची. तिच्या माहेरच्या बाजूला ज्ञानगंगेच्या जंगलात अस्वलं आहेत, आणि पहाटे मोहफुलं वेचायला जाणाऱ्यांना अस्वल धरतं हे ती लहानपणापासून ऐकत आलेली. "बंदूक कायले घेतली रे? आपल्याकडचे लोक तं कुऱ्हाड घेऊन जातात अन् खाकरत जातात." धाकटा स्वयंपाकघराच्या टेबलावर गोळ्या एकेक काढून मांडत होता. पंधरा. परत मोजल्या, पंधराच.

"बरं, ते जाऊ दे," आई म्हणाली, "लाडू पुरले का?"

मी फोन धाकट्याकडे दिला.