रात्री गाडी ठेवून जा : आमच्या गॅरेजची वाटचाल

आण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, साताऱ्याच्या गोडोलीत शेड टाकली तेव्हा ‘सकाळी गाडी धडधडते’ अशी तक्रार घेऊन कुणी गॅरेजला येत नसे. पद्मिनी, ॲम्बॅसडर, पुढं मारुती ८००. थंडीत जादा पेट्रोलसाठी चोक ओढायचा, गाडी दोन-चार मिनिटं धूर सोडत उभी ठेवायची आणि इंजिन तापलं की चोक आत ढकलायचा. सकाळचं ट्युनिंग मालकच करायचा. फारच झालं तर आण्णा कार्बोरेटर खोलून जेट फुंकायचे आणि स्क्रू अर्धा आटा इकडं-तिकडं करून कानानंच आयडलिंग, म्हणजे उभ्या गाडीतली इंजिनची चाल, लावायचे.

एमपीएफआय, म्हणजे कार्बोरेटरऐवजी इंजेक्टरनं पेट्रोल फवारणाऱ्या, गाड्या आल्या आणि डॅशबोर्डखालची चोकची मूठ गेली. ते काम आता ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, करतो. कूलंटचा, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याचा, सेन्सर सांगेल त्या तापमानावर तो जादा पेट्रोल देतो, कारण गार इंजिनात पेट्रोलची नीट वाफ होत नाही, ते पोर्टच्या भिंतींना चिकटून बसतं. आरपीएम बाराशेच्या आसपास चढवतो आणि इंजिन तापेल तसा सातशे-आठशेवर आणतो. सायलेन्सरच्या पाइपातला ऑक्सिजन सेन्सर साधारण ३०० अंशांपर्यंत तापल्याशिवाय काम करत नाही. तोवर ईसीयूला हवा-पेट्रोलचं मिश्रण बरोबर आहे की नाही हे कळायला मार्ग नसतो.

आमच्या धंद्याला वळण लागलं ते पाचगणीच्या एका टॅक्सीवाल्यामुळं. तो वैतागून म्हणाला, “आण्णा, सकाळी वर नुसती थरथरतीया, आन् पसरणीचा घाट उतरून हितं आली की गपगार. तुमी म्हणता कायच नाय. मग मी येडा हाय का?” माणूस खरं बोलत होता. तास-दीड तास चालून आलेलं इंजिन सगळं लपवतं. आण्णांनी त्याला एसटीनं परत पाठवलं आणि गाडी रात्रभर उघड्यावर ठेवली. सकाळी इनटेक मॅनिफोल्डच्या (इंजिनात हवा नेणाऱ्या पाइपाच्या) पॅकिंगपाशी साबणाचं पाणी मारलं, तशी ते आत खेचलं गेलं आणि आरपीएम हलला. पॅकिंग कडक झालं होतं. गार असताना फटीतून हवा ओढायचं आणि धातू तापून फुगला की फट मिटायची. पॅकिंग तसं स्वस्तच होतं, पण त्याआधी त्या बिचाऱ्यानं प्लग, कॉइल, पेट्रोल पंप सगळं बदलून घेतलेलं.

तेव्हापासून हा आमचा नेमच झाला. गाडी संध्याकाळी ठेवायची आणि सकाळी किल्लीला आमच्याशिवाय कुणी हात लावायचा नाही. स्टार्टर मारायच्या आधी नुसती किल्ली ऑन करून स्कॅनरवर दोन आकडे बघतो, कूलंटचं तापमान आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान. रात्रभर उभ्या गाडीत हे दोन्ही जवळजवळ सारखे हवेत. हवा १४ आणि कूलंट ५५ दाखवत असेल, तर ईसीयू इंजिन तापलंय असं समजून हात आखडता घेणार आणि गाडी धडधडणार. सेन्सर नाहीतर त्याचं वायरिंग, तपास तिथंच संपला. आकडे जुळले की मग पेट्रोलचं प्रेशर, मग मिस (पेट्रोल नीट न पेटणं) कुठल्या सिलेंडरला आहे ते. एकच प्लग ओला निघाला तर तिथला इंजेक्टर रात्री गळत असतो. सुरुवातीला काही सेकंद मिस आणि गोडसर वासाची पांढरी वाफ आली, कूलंटही कमी होत असेल, तर मात्र मी मालकाला खुर्ची देतो, कारण विषय हेड गॅस्केटचा, म्हणजे इंजिनच्या हेडखालच्या पॅकिंगचा असतो आणि काम मोठं असतं.

आणखी एक गोष्ट, माझ्या रागाची. गाडी गरम होते म्हणून थर्मोस्टॅटच (इंजिन तापेपर्यंत कूलंट अडवून धरणारी झडप) काढून टाकायची पद्धत आपल्याकडं अजून आहे. मग हायवेला, गार हवेत इंजिन पूर्ण तापतच नाही. ईसीयू जादा पेट्रोल देत राहतो, ॲव्हरेज पडतं, प्लग काळे होतात आणि पुढं तीच गाडी ‘सकाळी मिस मारते’ म्हणून माझ्याकडं येते. आम्ही थर्मोस्टॅट परत बसवतो, गिऱ्हाईक नको म्हणालं तरी. थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारा भाग) साफ करणं हाही सगळ्या रोगांवरचा उतारा झालाय. कार्बन असेल तर फरक पडतो, नाकारत नाही. पण इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलच्या बऱ्याच गाड्यांत साफ केल्यावर आयडल स्कॅनरनं पुन्हा शिकवावं लागतं. ते न करता गाडी दिली तर आधीपेक्षा वाईट चालते.

तपासणीचे पैसे वेगळे घ्यायला मी लागलो तेव्हा बरीच गिऱ्हाइकं तुटली. “नुसतं बघायचे पैसे?” हे वाक्य अजून ऐकतो. आण्णांनाही ते पटलं नव्हतं, त्यांच्या काळात पैसे घामाचे असायचे, बघण्याचे नव्हे. पण अंदाजानं पार्ट बदलण्यापेक्षा हे स्वस्त पडतं, हे टॅक्सीवाल्यांना सगळ्यात आधी कळलं. महाबळेश्वरची निम्मी कामं त्यांच्याच तोंडून आली.

वर पाचगणी-महाबळेश्वरला डिझेल गाड्या पुष्कळ. त्यांचं दुखणं बहुतेक वेळा हीटर प्लग, म्हणजे गार इंजिन सुरू करताना आतली हवा तापवणारा प्लग. चारातला एक मेला की सकाळी पांढरा धूर आणि धडधड. मीटर लावला की चांगला प्लग ओहमभराच्या आतबाहेर दाखवतो, मेलेला काहीच नाही. गंमत म्हणजे दोष गार इंजिनात शोधायचा, पण प्लग काढायचा कोमट इंजिनातून, सावकाश. घाई केली तर तो हेडमध्येच तुटतो.

आता सीएनजी गाड्या वाढल्यात. त्यातल्या बहुतेक सुरू होतात पेट्रोलवर, आणि मालक पेट्रोल भरतो ते जेमतेम काटा हलण्यापुरतं. तेच शिळं पेट्रोल महिनोन् महिने टाकीत राहतं, इंजेक्टर चिकट होतात. गॅसवर गेल्यावर धडधड थांबली तर दोष पेट्रोलच्या बाजूला, उलट वाढली तर आधी प्लग आणि कॉइल, कारण गॅस पेटवायला ठिणगी जास्त जोराची लागते. त्यात पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आलं. त्यात आपल्या उसाचंही आहे, तक्रार नाही. पण वाफ व्हायला त्याला पेट्रोलच्या दुपटीहून जास्त उष्णता लागते, त्यामुळं मुळात थोडासाच असलेला दोष डिसेंबरात ठळक होतो.

शेडमध्ये रात्रीची जागा मोजकी आहे, तेव्हा आधी फोन करून या. टाकीत निदान पाच लिटर ताजं पेट्रोल असू द्या, सीएनजीवाल्यांनी तर नक्कीच. आणि सकाळी आमच्या आधी येऊन “जरा सुरू करून बघतो” म्हणू नका. मग गाडी आणखी एक रात्र ठेवावी लागते.