जिभेवरची क्लिप

निपाणीकडच्या एका वाडीतलं काम. शर्यतीसाठी पाळलेलं दीड वर्षाचं शिंगरू, बेंबीवर मोसंबीएवढा हर्निया. पाचटावर ताडपत्री, आधी गुंगीचं झायलाझिन, मान पडल्यावर भुलीचं केटामिन-डायझेपाम, मग चौघांनी धरून उताणं. हे नेहमीचंच.

रक्तातला ऑक्सिजन मोजायची क्लिप जिभेवर लावली तर ८४ टक्के. नव्वदच्या खाली गेला की मला घाम फुटतो. पण माणसाच्या बोटाची ही क्लिप घोड्याच्या जिभेवर खोटंही बोलते. जीभ सुकली, चिमटा घट्ट बसला, झायलाझिननं रक्तवाहिन्या आवळल्या, की आकडा पडतो. जीभ ओली केली, क्लिप सरकवली. ८३. हिरड्या फिकट, पण निळसर म्हणाव्यात का, ठरेना.

नाकातून नळी घालून मिनिटाला १५ लिटर ऑक्सिजन सोडला. छोटा सिलिंडर १५०० लिटरचा, म्हणजे शंभर मिनिटं पुरतो. "एवढ्याशा कामाला तो कशाला वाहतोस?" म्हणणारे सहकारी मला आहेत, त्यांचं नशीब चांगलं. तरी आकडा ८८ वर अडकला. उताण्या घोड्याचं आतडं छातीच्या पडद्यावर रेलतं, फुफ्फुसाचा खालचा भाग मिटतो. तिथं रक्त जातं, हवा जात नाही. ते रक्त ऑक्सिजन कितीही सोडला तरी गेलं तसंच परत येतं.

शेवटचे टाके भराभर घेऊन कुशीवर वळवलं. ९३, मग ९५.

वळवताना पोट हाताला टम्म लागलं. शिंगराच्या मालकाकडं, आज्जाकडं बघितलं.

"रात्रभर उपाशी ठेवू काय वो डाक्टर? मुकं जनावर. चार पेंढ्या टाकलो की."

मोरकी काढली, खालचा पुढचा पाय पुढं ओढून ठेवला. नाकातली नळी मात्र चिकटपट्टीनं तशीच ठेवली, कारण घोडा तोंडानं श्वास घेत नाही आणि उताणं पडून नाक आतून सुजतं. चाळीस मिनिटांनी शिंगरू उठलं, लटपटलं, उभं राहिलं.

नातवानं स्टेटसला ठेवायला व्हिडिओ काढला होता, तो मागून घेतला. केटामिनवर घोडा श्वास आत ओढून धरून ठेवतो. एक थांबा मी १४ सेकंद मोजला. त्या वेळी मी जिभेशी खटपट करत होतो. ८४ खरा होता की क्लिपचा, व्हिडिओतून कळत नाही. सुरुवातीला माझा आवाज आहे, "उपाशी आहे ना?" आज्जा मान हलवतो. मागं शिंगरू उभं आहे, पोट दोन्ही बाजूंनी फुगलेलं, आणि मी सुई भरतोय.