यंदा कढई चढणार नाही

वसुबारस, रात्री उशिरा

आज संध्याकाळी धाकटी समोरच्या वहिनींकडून घरी आली, तेव्हा तिचे हात कोपरापर्यंत मैद्याने भरलेले होते आणि वेणीच्या टोकालाही थोडा मैदा लागला होता. घडले ते एवढेच. मी तिला हातपाय धुवायला पाठवले, कुकर लावला, थोरल्याने गॅलरीत सांडलेली माती भरून काढली. पण तो मैदा काही केल्या डोक्यातून जाईना, म्हणून आता सगळे झोपल्यावर वही उघडली आहे.

तिने सांगितले ते असे, की वहिनींनी शंकरपाळ्यांची पोळी लाटून तिच्यापुढे ठेवली, कातणे तिच्या हातात दिले आणि चौकोनी कापायचे की तिरके हेही तिलाच ठरवू दिले. "आपल्याकडे या वर्षी नाहीये ना, म्हणून काकू म्हणाल्या, तू इथेच कर." वहिनींच्या मनात याहून चांगला विचार येणे शक्य नव्हते, हे मला कळते. कळते म्हणूनच राग धरता येत नाही, आणि राग धरायची सोय नसली की माणसाची फार पंचाईत होते. टोचले, इतके मात्र खरे.

घरातले माणूस गेले, की वर्षाच्या आत घरात तळण नाही आणि गोडधोड नाही, हे आत्याबाईंनी नवरात्रातच फोनवर सांगून ठेवले होते. पणती लावा, मुलांना अभ्यंगस्नान घाला, ओवाळा. पण कढई चढवायची नाही, फराळ इतरांनी आणून दिलेला खायचा. रीत मला ठाऊक होतीच. आजवर मीही दुसऱ्यांच्या अशा पहिल्या दिवाळीला डबे भरून नेलेले आहेत, दारातच दोन शब्द बोलून परतले आहे आणि आपण योग्य तेच केले असे वाटून घेतले आहे. डबा घेणाऱ्या बाईच्या मनात त्या वेळी काय चालले असेल, याचा विचार करण्याचे कारण कधी पडले नव्हते.

गंमत अशी, की दर दिवाळीत या कामाविषयी सर्वांत जास्त कुरकूर कोणी केली असेल तर ती मी. ऑक्टोबरच्या उकाड्यात, पंखा लावला तर गॅसची ज्योत हलते म्हणून तोही बंद ठेवून, ऑफिसातून आल्यावर रात्री अकरापर्यंत चकल्या तळणे हा काही सुखाचा प्रकार नव्हे. राममारुती रोडवर आता वर्षभर तयार फराळ मिळतो, मग हा खटाटोप कशासाठी, असे मी गेल्या वर्षीसुद्धा मोठ्याने म्हटले होते. त्या वेळी ओट्याशी स्टूल ओढून कोण बसले होते आणि त्यांनी काय उत्तर दिले, ते आज लिहीत नाही. यंदा मात्र मला रीतसर, शास्त्राधारे, आत्याबाईंच्या शिक्क्यानिशी सुट्टी मिळाली आहे, आणि स्वयंपाकघरात आले की माझ्या हातांना काय करावे ते कळत नाही. स्वच्छ ओटा मी दोनदा पुसते.

मुलीच्या हातांना मात्र काम मिळाले, आणि ते माझ्याकडून मिळाले नाही. टोचते ते हेच असावे. ती माझ्याकडे भाजणीचा अंदाज शिकणार होती, चार वाट्या तांदूळ, दोन वाट्या हरभऱ्याची डाळ, एक वाटी उडदाची, मग मुगाची डाळ आणि धणेजिरे. प्रत्येक जिन्नस वेगळा आणि मंद आचेवर का भाजायचा, हे मी तिला या वर्षी सांगणार होते, कारण आता तिचा हात ओट्यापर्यंत नीट पोहोचतो. ते सगळे पुढच्या वर्षावर गेले. पुढच्या वर्षी तिला या गोष्टीत रस असेल की नाही, कोणी सांगावे? थोरला तिच्या वयाचा असताना करंजीच्या सारणाभोवती घुटमळत असे. आता त्याला नरकचतुर्दशीच्या पहाटे मित्रांबरोबर तलावपाळीवर जायचे आहे. तो विषय निराळा आहे, आणि त्यावर यांचे म्हणणेही निराळे आहे.

डबे कालपासून येऊ लागले आहेत. ओट्यावर त्यांची रांग लागली असून कोणाचा कोणता हे विसरू नये म्हणून धाकटीने प्रत्येकावर चिठ्ठी चिकटवली आहे. "बी विंग आजी", "बाबांच्या ऑफिसचे", "गिटार सर". संध्याकाळी त्या रांगेकडे पाहून मला अगदी भरून आले, आणि ते प्रेमाने भरून आले असे म्हणणे सभ्यपणाचे ठरेल. प्रत्यक्षात, आपल्या घराची दिवाळी लोकांनी आपापसांत वाटून घेतली आहे आणि आपण फक्त झाकणे उघडायची, असे वाटले.

मी अशी बसलेली असतानाच थोरला माळ्यावरून फराळाची मोठी परात घेऊन उतरला. ती वर्षातून एकदाच खाली येते. तिच्यात पोह्यांचा चिवडा कालवला जातो आणि तिला मुलांनी हात लावलेला कोणालाच चालत नसे. "यंदा रिकामीच आहे ना ही?" असे विचारून, उत्तराची वाट न पाहता, त्याने ती गॅलरीत नेली आणि तिच्यात पाणी ओतले. परात म्हणजे अरबी समुद्र. त्याला या वर्षी खांदेरी करायचा आहे.

जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे १२ किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेल्यापासून त्याचे किल्ल्याविषयीचे विचार उंचावले आहेत. अकरा महाराष्ट्रातले आणि बारावा तमिळनाडूतला जिंजी, ही यादी तो जेवताना म्हणून दाखवतो. रायगड, प्रतापगड सगळेच करतात, सोसायटीच्या आवारातही दोन प्रतापगड उभे राहिले आहेत, म्हणून त्याने थळच्या किनाऱ्यासमोरचा हा जलदुर्ग निवडला. (आमच्या ठाण्याला स्वतःचा किल्ला आहे, पोर्तुगीजांनी बांधायला घेतलेला आणि १७३७ मध्ये मराठ्यांनी जिंकलेला, पण त्यात आज मध्यवर्ती कारागृह असल्यामुळे मुलांना तो दाखवायचा तर भिंतीच्या बाहेरूनच.) शिवाजी महाराजांनी १६७९ मध्ये खांदेरीवर बांधकाम सुरू केले, तेव्हा मुंबईच्या इंग्रजांनी ते थांबवण्यासाठी गलबते पाठवली; तरी मराठ्यांच्या लहान होड्या रात्रीच्या अंधारात निसटून बेटावर सामान पोहोचवत राहिल्या. शेजारच्या उंदेरीवर मग सिद्दीने ठाण मांडले. हे सगळे तो परातीच्या काठाशी उकिडवा बसून मला समजावत होता, आणि उंदेरीसाठी आमटीची एक वाटी पालथी घालू का, असे विचारत होता. मी घाल म्हटले.

लाल माती पाण्यात विरघळते, हा शोध त्याला आज दुपारी लागला होता. समुद्राचा चहा झाला होता. म्हणून त्याने आता पाण्याच्या वरपर्यंत खरे दगड रचले, त्यांच्यावर गोणपाटाचा ओला तुकडा पसरला आणि तटाची माती फक्त त्याच्यावर थापली. उतारावर हिरवळ हवी, तर मोहरी पेरू की अळीव, हे त्याने मला विचारले. या घरात या क्षणी मला कोणी काही विचारले, याचे मला इतके बरे वाटले, की मी लागणाऱ्यापेक्षा बरेच मोठे उत्तर दिले. मोहरी गोल असते, चढावरून घरंगळते आणि सगळी तळाशी जमून तेवढ्याच जागी उगवते. अळीव भिजले की त्याच्याभोवती बुळबुळीत थर येतो आणि त्यामुळे दाणा टाकला तिथेच चिकटून राहतो. आज पेरले आणि रोज दोन वेळा नुसता हात ओला करून शिंपडले, तर लक्ष्मीपूजनाला तट हिरवा दिसेल. लाडवांसाठी आणलेले अळीव डब्यात तसेच पडले होते, त्यातले मूठभर दिले. लाडू होणार नव्हतेच. वर्तमानपत्राच्या कागदाच्या मराठ्यांच्या होड्या धाकटीने करून दिल्या. इंग्रजांच्या गलबतांना मात्र तिने जाणूनबुजून भोके ठेवली आहेत.

त्यानंतर फराळाला बसलो. मुलांनी सगळ्या डब्यांतली एकेक चकली काढून ताटात ओळीने मांडली आणि आम्ही चौघांनी परीक्षण केले. मी या घरात आल्यापासून दिवाळीत एकाच भाजणीची चकली खात आले आहे. इतक्या घरांची चकली एका वेळी चाखायला मिळणे हा योग, खरे सांगायचे तर, या रीतीमुळेच आला. बी विंगच्या आजींची चकली निर्विवाद पहिली आली, काटा उभा आणि आत पोकळ. ऑफिसची विकतची असावी, सगळी एका मापाची. एका डब्यातली तोंडात घालण्यापूर्वीच मोडली, तिला मोहन जास्त झाले होते. आणि समोरच्या वहिनींची, ज्या घरी माझ्या मुलीने शंकरपाळे कातले त्या घरची, दरवर्षीप्रमाणे वरून करकरीत तपकिरी आणि आतून मऊ. तेल फार तापवून घाईने काढले की हेच होते. हे मी मुलांना अत्यंत तटस्थपणे समजावून सांगितले. यांनी माझ्याकडे पाहिले आणि काही न बोलता पाण्याचा तांब्या पुढे सरकवला.

धाकटीचे शंकरपाळे चौकोनीही नव्हते आणि तिरकेही नव्हते. चव चांगली होती. वहिनी दूध, तूप आणि साखर समान घेतात, आम्ही साखर किंचित कमी घेतो. पण एवढे चालते.

मग डब्यांचा प्रश्न निघाला. दुसऱ्याचा डबा रिकामा परत करायचा नाही, आणि आमच्या घरून यंदा काही गोड जाणार नाही, या दोन रीती एकमेकींना छेदतात, हे आत्याबाईंच्या लक्षात आले नसावे. चिमूटभर साखर घालून द्यावी, असा माझा विचार होता. धाकटीने तो तत्काळ फेटाळला आणि पणत्या रंगवून प्रत्येक डब्यात दोन दोन घालायचे ठरवले. उद्या सकाळी गर्दी होण्याआधी जांभळी नाक्यावरून साध्या मातीच्या पणत्या आणायच्या, बादलीत काही तास बुडवून ठेवायच्या, म्हणजे त्या तेल पीत नाहीत, सावलीत पूर्ण वाळवायच्या आणि मगच रंगवायच्या. रंग फक्त बाहेरून, आत आणि वातीच्या चोचीवर नाही, कारण तिथे ज्योत लागते. अगोदर गेरूचा हात, वर पांढऱ्या रंगाचे ठिपके. ठिपक्यांसाठी कानकोरणीचा कापूस वापरायचा, हे तिला शाळेतल्या बाईंनी शिकवले आहे, म्हणजे त्यातही माझा वाटा नाही. असो. पणत्या बुडवायचे मी सांगितले.

आकाशकंदिलावरून थोडी वादावादी झाली. रोषणाई नको असे आत्याबाई म्हणाल्या होत्या, आणि कंदील ही रोषणाई आहे की नाही, यावर थोरल्याने वकिली सुरू केली. कार्तिकात उंच टांगायचा आकाशदिवा पितरांना वाट दिसावी म्हणून लावतात, हे मी लहानपणापासून ऐकत आले आहे. तेव्हा ज्या वर्षी तो लावण्याचे सर्वांत जास्त कारण आहे, त्याच वर्षी तो लावू नये, हे मला काही पटेना. बांबूच्या कामट्या आहेत, खळ घरी होते, पांढरा पतंगी कागद आणू आणि झिरमिळ्याही पांढऱ्याच करू. आत्याबाईंना मी उद्या फोन करून सांगेन, किंवा कदाचित सांगणार नाही.

लिहिता लिहिता बारा वाजून गेले आणि मैद्याचे टोचणे पूर्णपणे गेले असे म्हणता येत नाही. ते आहे. पण मघाशी ताटातली ती मऊ चकली पाहताना एक मुद्दा सुचला, आणि त्यात कायद्याने काही खोट दिसत नाही. बंदी आमच्या चुलीवर कढई चढवण्याला आहे. वहिनींच्या घरी वहिनींच्या कढईत वहिनींचे तेल तापले, तर ते तळण आमच्या घरचे कसे? त्यांच्या चकल्यांचा दुसरा घाणा रविवारी आहे, असे धाकटी सांगत होती, आणि "काकूंचा सोऱ्या मध्येच अडकतो" हेही तिनेच सांगितले. आमचा पितळी सोऱ्या माळ्यावर आहे. तो कोणाचा आहे, हे वहिनींना माहीत आहे.

रविवारी दुपारी धाकटीला सोऱ्या धरायला देऊन मीही समोर जाणार आहे. भाजणी त्यांची असेल, म्हणून तिच्याविषयी काही बोलायचे नाही, तिखटाविषयीही नाही. उकड गरम असतानाच मळावी लागते, ते काम मी मागून घेईन. आचेविषयी मात्र माझ्याच्याने गप्प राहवेल असे वाटत नाही.