पहिलीचा प्रवेश: जिल्हा परिषदेची शाळा की खासगी इंग्रजी?

घरोघरी वाद माध्यमावरून होतो. मी आधी विचारेन ते हे, की वर्गावर रोज उभं कोण राहतं?

आरटीई म्हणजे शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीला ६० पटापर्यंत २ शिक्षक. म्हणजे जिल्हा परिषदेची छोटी शाळा असली की एका खोलीत पहिली-दुसरी आणि शेजारच्या खोलीत तिसरी-चौथी. त्यातले एक गुरुजी प्रशिक्षणाला गेले की चारही वर्ग दुसऱ्यांच्या गळ्यात. म्हणून मंजूर पदं किती, भरलेली किती आणि पहिली कोणाकडे, हे मुख्याध्यापकांना थेट विचारा. खासगी शाळेत विचारायचं ते वेगळं: गेल्या वर्षी पहिलीच्या बाई किती वेळा बदलल्या? तुटपुंज्या पगारावर नेमलेल्या बाई वर्षाच्या मध्येच सोडून जातात.

मग तिसरीच्या वह्या मागा. पाच-सहा वह्यांत तेच उत्तर त्याच शब्दांत आणि खाली लाल टिक असेल, तर मुलं फळ्यावरचं नुसतं उतरवतायत. खाडाखोड, चुकलेली वेलांटी आणि शेजारी बाईंनी लाल पेनानं लिहिलेला बरोबर शब्द दिसला, की मला ती शाळा आवडते, मग ती कुठलीही असो.

घरात इंग्रजी नसेल तर मूल गणितातही अडतं. 'हाऊ मेनी आर लेफ्ट?' यातला 'लेफ्ट' त्याला डावा हात म्हणून माहीत असतो. वजाबाकी येत असूनही उदाहरण चुकतं, आणि पालक गणिताची शिकवणी लावतात! अशा घराला सेमी-इंग्रजी, म्हणजे बाकी विषय मराठीतून आणि फक्त गणित-विज्ञान इंग्रजीतून, बरी पडते. पण गणितातली ही अडचण पहिलीतच नको, म्हणून ते इंग्रजीतून नेमकं कोणत्या इयत्तेपासून, तेवढं आधी विचारून घ्या.

खासगीत आरटीईच्या २५ टक्के राखीव, मोफत जागांतून जायचं असेल तर अर्जात नकाशावरची घराची खूण नीट लावा. खूण चुकली की घरापासून शाळेचं अंतर चुकतं आणि लॉटरीत नाव लागूनही पडताळणीत प्रवेश रद्द होऊ शकतो. ही सवलत आठवीपर्यंतच आहे. नववीची फी किती, हे पहिलीतच विचारून ठेवा. शाळेचा ११ अंकी यू-डायस क्रमांक, म्हणजे सरकारी नोंदीतला शाळेचा क्रमांकही तपासा, महाराष्ट्रात तो २७ ने सुरू होतो.

जिल्हा परिषदेची शाळा चौथीपर्यंतच असेल, तर पाचवीला मूल कुठे जाणार आणि तिथे जागा मिळते का, हेही आत्ताच बघून या.