हिवाळी अधिवेशनाचे सहा दिवस: नांदेडहून नागपूर, एका निवृत्त ग्रामसेवकाच्या वहीतून

नोकरीची सगळी वर्षं मी ग्रामसेवक म्हणून काढली. अर्धापूर, मुदखेड, भोकर, हदगाव अशा तालुक्यांत फिरलो. किती ठराव लिहिले याचा हिशेब नाही. 'सूचक अमुक, अनुमोदक तमुक, ठराव सर्वानुमते मंजूर' हे वाक्य झोपेतून उठवलं तरी लिहून देईन. मोठ्या घरचे ठराव कसे होतात ते एकदा बघायची हौस होती, आणि गावच्या नाल्यावरच्या पुलाचं निवेदनही द्यायचं होतं. २०२४च्या डिसेंबरात विधिमंडळाचं नागपूरचं अधिवेशन १६ ते २१ असं सहाच दिवसांचं लागलं, तेव्हा एमपीएससी करणाऱ्या भाच्याला म्हटलं, चल, पुस्तकात वाचतोस ते दाखवतो.

नांदेडकराला मुंबईपेक्षा नागपूर जवळ, जवळजवळ निम्म्या अंतरावर. अर्धापूरवरूनच तुळजापूर-बुटीबोरी महामार्ग जातो. उमरखेड, महागाव, आर्णी, यवतमाळ, वर्धा अशी एसटी सरळ निघते. सात-आठ तास धरून चाला. पासष्टच्या पुढे असाल तर अर्धं तिकीट, पंच्याहत्तरीच्या पुढे फुकट, बायकांना कुठल्याही वयात अर्धं. आधारकार्ड वरच्या खिशात ठेवा, वाहक मागतो. रात्रीच्या गाडीने निघालात तर घोंगडी किंवा जाड शाल हातात ठेवा, डिकीत टाकू नका. यवतमाळच्या पुढे माझे दात वाजत होते आणि शाल पिशवीत, पिशवी खाली.

राहण्याचं आधी ठरवा. अधिवेशनाच्या आठवड्यात लॉजवाल्यांचे भाव सोयाबीनसारखे नसतात, ते वरच जातात. आम्ही फोनवर एक भाव ठरवून गेलो आणि काउंटरवर दुसराच ऐकला. भांडून उपयोग झाला नाही, रात्रीचे दहा वाजले होते. फोनवर ठरलेला भाव व्हॉट्सॲपवर लिहून घ्या, एवढं तरी करा. आमदार निवासात ओळख असली तरी फार आशा धरू नका. एकेका खोलीत आठ-दहा कार्यकर्ते, व्हरांड्यात वळकट्या, सकाळी संडासाला रांग. गणेशपेठेत एसटी स्टँडजवळ राहिलात तर सीताबर्डीपर्यंत चालत येता येतं, तिथून मेट्रोने झीरो माइल. उतरलं की विधानभवन जवळच आहे.

खाण्याचं म्हणाल तर सकाळी तर्री-पोहे. पोह्यांवर लाल रस्सा ओततात, हे आपल्या डोक्यात बसायला दोन दिवस लागतात. सावजीच्या नादी भाचा लागला आणि मंगळवारचा अर्धा दिवस खोलीत काढला. मी घरून धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी नेली होती, ती गुरुवारपर्यंत पुरली.

आता मुख्य अडचण, पास. आवारात जायचा पास वेगळा आणि सभागृहाच्या प्रेक्षक गॅलरीचा वेगळा, हे मला पहिल्या दिवशी फाटकावर कळलं. आमदारांचं पत्र लागतं. ते मिळवायचं तर आमदारांच्या मागे धावू नका, त्यांच्या स्वीय सहायकाला गाठा, आणि तेही नागपुरात नव्हे, आधी मतदारसंघात. पत्रावर नाव आधारकार्डावर आहे तसंच हवं. माझ्या पत्रावर वडिलांचं नाव चुकलं होतं, सोमवार त्यातच गेला. गॅलरीत मोबाइल चालत नाही, पिशवी चालत नाही. तिथे बसल्यावर बोलायचं नाही, टाळ्या वाजवायच्या नाहीत. शेजारच्या गृहस्थांनी पायावर पाय टाकला तर कर्मचाऱ्याने लगेच येऊन खाली घ्यायला लावला. भाचा कानात म्हणाला, "मामा, इथं आपणच तेवढे शिस्तीत बसायलोत."

विधानसभेची गॅलरी मिळत नसेल तर विधान परिषदेची मागा. तिकडे गर्दी कमी. विधानसभेत २८८ सदस्य, परिषदेत ७८, त्यामुळे कोण बोलतंय ते ओळखूही येतं. गुरुवारी परिषदेत राम शिंदे सभापती म्हणून बिनविरोध निवडले गेले. ते पद २०२२च्या जुलैपासून रिकामं होतं. आमच्याकडे सरपंचपद तीन महिने रिकामं राहिलं तर तहसीलदार विचारतो.

त्या अधिवेशनाची आणखी एक गंमत. १५ डिसेंबरला नागपूरच्या राजभवनात ३९ मंत्र्यांनी शपथ घेतली, पण खातेवाटप झालं ते २१च्या रात्री, अधिवेशन संपल्यावर. म्हणजे आठवडाभर मंत्री होते, खाती नव्हती. ग्रामसेवक रुजू झाला आणि दप्तर आधीच्याच्या कपाटात, असा प्रकार. आवारात निवेदनं घेऊन आलेले लोक कुठल्या मंत्र्याला गाठायचं म्हणून चक्रावलेले मी पाहिले.

सकाळचं दृश्य टीव्हीवर दिसतं तेच. पायऱ्यांवर फलक, घोषणा, कॅमेरे. ते पंधरा मिनिटं बघा आणि आत चला, कारण बघण्यासारखं दुपारी असतं. एरवीच्या अधिवेशनात पहिला तास प्रश्नोत्तरांचा, मग लक्षवेधी सूचना. लक्षवेधी ही सामान्य माणसाच्या कामाची गोष्ट, एखाद्या गावाचा, कारखान्याचा, दवाखान्याचा विषय तिथे येतो आणि मंत्र्याला तोंडाने उत्तर द्यावं लागतं. खरा कायदा मात्र जेवणानंतर होतो. सभागृह पेंगुळलेलं, बाकं बरीच रिकामी, खुर्चीत तालिका अध्यक्ष, म्हणजे अध्यक्षांच्या बदली बसलेले सदस्य. मंत्री उभे राहतात, विधेयक विचारात घ्यावं म्हणतात, दोन-चार जण बोलतात, मग खंडामागून खंड. अनुकूल असतील त्यांनी होय म्हणावं, प्रतिकूल असतील त्यांनी नाही. होयचं बहुमत. माझ्या घड्याळात एक विधेयक चहा गार व्हायच्या आत निघालं. ग्रामसभेत दिवाबत्तीच्या ठरावाला याहून जास्त वेळ जातो, आणि शिव्याही जास्त पडतात.

मी बाकं मोजत होतो, सवयच आहे. घटनेप्रमाणे गणपूर्ती, म्हणजे कमीत कमी हजेरी, एक दशांश, म्हणजे विधानसभेत २९ डोकी. ग्रामसभेला मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर, जे कमी असेल ते. दीड हजार मतदारांच्या गावात मला शंभर माणसं जमवावी लागायची. जमली नाहीत की सभा तहकूब, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नाही. या एका नियमावर निम्मा मराठवाडा चालला आहे, हे मी कुठेही सांगेन.

सगळीच विधेयकं अशी धावत नाहीत. बुधवारी १८ तारखेला मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी विशेष जनसुरक्षा विधेयक विधानसभेत मांडलं. ते त्या आठवड्यात मंजूर झालं नाही, दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे गेलं. लोकांकडून सूचना मागवल्या, बारा हजारांच्या वर आल्या, आणि विधानसभेने ते मंजूर केलं १० जुलै २०२५ला, परिषदेने दुसऱ्या दिवशी. कायदा चांगला की वाईट यावर आमच्या लॉजमध्ये दोन रात्री वाद झाला, तो इथे काढत नाही. पण कुठल्या विधेयकाला समिती मिळते आणि कुठलं दुपारच्या झोपेत निघून जातं, तिकडे लक्ष ठेवा. त्याच आठवड्यात ३५,७८८ कोटींच्या पुरवणी मागण्याही, म्हणजे अर्थसंकल्पाबाहेरच्या जादा खर्चाच्या मागण्याही, आल्या. एवढ्या रकमेवर किती जण किती वेळ बोलले ते मी लिहून ठेवलं होतं, पण फाटकावर वही तपासताना ते पान गळालं.

भाच्याचा प्रश्न होता, ठराव आणि विधेयकात फरक काय. परीक्षेचं उत्तर त्याला येत होतं. त्याला मराठवाड्याचं सांगितलं. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव द्यावं असा ठराव दोन्ही सभागृहांनी २७ जुलै १९७८ला केला. ठराव म्हणजे सभागृहाने बोलून दाखवलेलं मत. त्यानंतर आमच्याकडे जे झालं, घरं जळाली, माणसं मेली, ते माझ्या वयाच्या कुणालाही विसरता येत नाही. नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ला. मधली साडेपंधरा वर्षं त्या ठरावाचा कागद विधिमंडळाच्या दप्तरात होताच. विधेयक मंजूर झालं की राज्यपालांची सही, राजपत्र आणि अंमल. ठरावाच्या मागे कुणी तरी लागावं लागतं. भाचा बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "म्हणजे आपल्या ग्रामसभेसारखंच की."

१९५३च्या नागपूर करारात विदर्भाच्या वाट्याला हे अधिवेशन आलं. आमच्या मराठवाड्याच्या वाट्याला अनुशेषाचे, म्हणजे विकासात किती मागे राहिलो त्याचे, अहवाल आले, आणि १९९४ला वैधानिक विकास मंडळ आलं, त्याची मुदत ३० एप्रिल २०२०ला संपली. नागपुरात मुख्यमंत्र्यांचं सचिवालय बसतं त्या इमारतीचं नाव हैद्राबाद हाऊस. निजामाच्या मुलखातून आलेल्या माणसाने निवेदन घेऊन तिथेच जावं, याला काय म्हणावं!

निवेदन मात्र तिथे नीट घेतात. दोन प्रती न्या, एकीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय हलू नका. तोंडी 'बघतो' याला पोच म्हणत नाहीत. एका निवेदनात एकच विषय लिहा. माझ्या पुढचा माणूस पूल, शाळा, विहीर आणि भावकीचं भांडण एकाच कागदावर घेऊन आला होता.

मी ज्या दिवसासाठी थांबलो होतो तो शुक्रवार. ९ डिसेंबरला बीड जिल्ह्यात मस्साजोगच्या सरपंचांना पळवून नेऊन मारलं होतं. १० तारखेला परभणीत संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली, मग दगडफेक आणि धरपकड, आणि १५ तारखेला न्यायालयीन कोठडीतला एक तरुण गेला. आठवडाभर आवारात मराठवाड्याचा माणूस भेटला की हाच विषय. जन्मभर सरपंचांच्या शेजारी बसून मी ठराव लिहिले. कुठल्या सरपंचाने कुणाला अडवलं की त्याला काय धमक्या येतात, ते मी ऐकलेलं आहे. मस्साजोगची बातमी वाचल्यापासून मला नीट झोप नव्हती. २० तारखेला मुख्यमंत्री उत्तर देणार म्हणून मी सकाळी आठलाच फाटकावर गेलो, तर गॅलरीचे पास आदल्या दिवशीच संपलेले. दोन दिवस आधी पास मागा, शुक्रवारचा तर नक्कीच.

शेवटी ते उत्तर मी रस्त्यापलीकडच्या चहाच्या टपरीवर भाच्याच्या मोबाइलवर ऐकलं. टपरीवर बीडचे तिघे होते, परभणीचे एक मास्तर होते. विशेष तपास पथक, न्यायालयीन चौकशी, बीडच्या पोलीस अधीक्षकांची बदली, परभणीच्याही प्रकरणाची न्यायालयीन चौकशी. एकेक घोषणा झाली की मास्तर बोटावर मोजायचे. चहावाल्याने आवाज वाढवायला सांगितलं. बीडच्या एकाने एवढंच विचारलं, "तारीख सांगितली का, कवापर्यंत?" कुणी उत्तर दिलं नाही. चहाचे पैसे मास्तरांनी दिले, घेऊ नका म्हटलं तरी.

शनिवारी दुपारी आम्ही निघालो. परतीची एसटी शनिवारी गच्च असते, मोर्चेकरी, कार्यकर्ते, पोलीस सगळे एकदमच निघतात. आरक्षण शुक्रवारीच करा. संत्री स्टँडवर घेऊ नका, महाग पडतात आणि वरची चांगली, खालची मऊ. पुढचं अधिवेशन ३ मार्चपासून मुंबईला होतं, तिकडे मी गेलो नाही. पुलाच्या निवेदनाचा आवक क्रमांक वहीच्या पहिल्या पानावर आहे. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी मी तो घेऊन बांधकाम उपविभागात जातो. तिथला बाबू आता मला लांबूनच ओळखतो.